गोंदण: घेताना, भरताना, झाकताना

गोंदण्याची शाई कातडीच्या वरच्या थरात राहत नाही. सुई बाह्यत्वचा ओलांडून साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल रंगाचे कण सोडते. शरीरातील भक्षक पेशी ते गिळतात, पण बाहेर नेऊ शकत नाहीत. तिथेच बसून राहतात. वरची कातडी झडून नवी येते, खालचा थर तसाच राहतो. त्यामुळे गोंदण्यातली चूकही गोंदणाइतकीच टिकाऊ असते.

स्टुडिओ निवडताना दरपत्रकाआधी सुई पाहावी. ती ग्राहकासमोर सीलबंद पाकिटातून निघाली पाहिजे, शाई लहान टोपणात वेगळी काढलेली असावी आणि उरलेली टाकून दिली जावी. जत्रेत रांगेतले हात एकाच सुईने गोंदले जातात, तेव्हा हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही यांच्या संसर्गाचा धोका असतो. जखमेवर फुगीर व्रण उठण्याची प्रवृत्ती असलेल्यांनी छाती आणि खांदा टाळावा. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत भरती व्हायचे असेल, तर उजव्या म्हणजे सलामीच्या हाताची पुढची बाजू कोरी ठेवावी.

मजकूर गोंदवताना धोका सुईपेक्षा शुद्धलेखनाचा असतो. प्रस्तुत लेखकाच्या डाव्या हातावर, कोपर आणि मनगट यांच्या मध्ये, ‘आईचा आशीर्वाद’ यायचा होता. आला ‘आईचा आशिर्वाद’. कागदावर शब्द बरोबर लिहून दिला होता. कलाकाराने कागद बाजूला सारून तो मोबाइलवर स्वतः टाइप केला. कलाकार मराठीच होता, ही नोंद आवश्यक आहे. अक्षरे समोरच्याला वाचता यावीत अशी बसवली, की ज्याच्या हातावर ती आहेत त्याला उलटी दिसतात. उलट्या अक्षरात वेलांटी पहिली की दुसरी, हे पटकन लक्षात येत नाही.

आठव्या दिवशी खपल्या निघाल्या होत्या. पोळी वाढता वाढता मावशीने, म्हणजे तीस वर्षे शाळेत मराठी शिकवलेल्या बाईंनी, हात धरला, चष्मा खाली ओढला आणि एवढेच विचारले, “शी दुसरी ना रे?” त्यानंतर पोळी गार झाली. कलाकाराला पाठवलेल्या फोटोवर दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या, उत्तर तिसऱ्या दिवशी आले: “सगळ्या रिक्षांच्या मागे असंच लिहिलेलं असतं. आणि स्टेन्सिल तुम्हीच ओके केलं होतं.” यातले दुसरे वाक्य खरे होते, म्हणून पहिले जास्त झोंबले. पुढे पाचशे रुपयांत ‘उजवीकडे एक काना मारून’ देण्याची तयारी दाखवली गेली. तसे केले असते, तर एकाच ‘श’ला दोन्ही वेलांट्या लागल्या असत्या.

यातून निघणारा नियम असा: राहून गेलेला अनुस्वार किंवा मात्रा नंतर घालता येते, चुकून आलेले चिन्ह काढता येत नाही. जांभळे स्टेन्सिल कातडीवर उमटले, की त्याचा सुलट फोटो काढून शुद्धलेखन येणाऱ्या माणसाला पाठवावा आणि उत्तर येईपर्यंत यंत्र सुरू करू देऊ नये. कलाकार घड्याळाकडे पाहू लागला तरी पाहू द्यावे. अक्षरे फार बारीक घेऊ नयेत. शाई वर्षानुवर्षे किंचित पसरते आणि ‘व’, ‘ब’, ‘म’ यांची पोकळी बुजते.

वरची जखम साधारण दोन ते चार आठवड्यांत भरते. कोमट पाणी आणि बिनवासाचा साबण यांनी धुवावी, टिपून कोरडी करावी, मलमाचा पातळ थर द्यावा. खपली ओढल्यास रंगही निघतो. हळद, तूप, टूथपेस्ट वगैरे घरगुती उत्साह आवरावा. विहीर, समुद्र, तरणतलाव वर्ज्य; ऊन टाळावे. लाली पसरत गेली, पू झाला किंवा ताप आला, तर डॉक्टरकडे जावे. “थोडं होतंच” हे कलाकाराचे निदान वैद्यकीय नसते. गोंदणानंतर बारा महिने रक्तदान करता येत नाही; प्रस्तुत लेखकाला ही माहिती गणेशोत्सवातल्या शिबिरात, रांगेत तासभर उभे राहिल्यावर मिळाली.

झाकायचे असल्यास जखम पूर्ण भरू द्यावी. दोन-तीन महिने थांबलेले बरे. फिका रंग गडद रंगाला झाकत नाही, त्यामुळे नवी आकृती जुनीपेक्षा गडद आणि दुप्पट-तिप्पट मोठी होते. आधी लेझरने फिकट करून घेतल्यास आकृती निवडायला वाव मिळतो. काळी शाई लेझरला सर्वांत चांगली दाद देते, हिरवी आणि पिवळी चिवट असते. दोन बैठकांत सहा ते आठ आठवड्यांचे अंतर ठेवतात. सावळ्या त्वचेवर पांढरे किंवा काळे डाग राहू शकतात, म्हणून हे काम ब्युटी पार्लरचे नव्हे, त्वचारोगतज्ज्ञाचे. या प्रकरणात दोन बैठकांचा खर्च मूळ गोंदणाच्या तिप्पट झाला. चूक करणाऱ्याने त्यातला एक रुपयाही दिला नाही.

शेवटी दुसऱ्या कलाकाराकडून त्यावर मोरपीस काढून घेतले गेले. रंग झाकला गेला. पण सुई जास्त खोल गेली असेल, तर रेषेचा उंचवटा झाकला जात नाही. तिरप्या उन्हात मोरपिसाखाली पहिली वेलांटी अजून दिसते. झाकलेल्या गोंदणाची निगा पहिल्यासारखीच ठेवावी लागते, आणि रक्तदानाचे बारा महिने पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात.