भोगीच्या गाजराचं बी कधी पेराल? ग्वाल्हेरच्या गच्चीसाठी हिवाळी सल्ला

पितृपक्ष सरला की ग्वाल्हेरच्या उन्हाचा जोर ओसरतो आणि कुंडीतल्या भाजीचा खरा हंगाम सुरू होतो. हा हंगाम आखूड आहे. ऑक्टोबर ते मार्चचा मध्य एवढाच. त्यातही जानेवारीत पारा दोन-तीन अंशांवर उतरतो, आणि एप्रिलपासून लू सुरू झाली की पालेभाजी जगवायला पाणी घालवण्यात अर्थ नाही. म्हणून इथे वाण किंवा खतापेक्षा पेरणीची वेळ महत्त्वाची.

ही वेळ लक्षात ठेवायला मराठी घरात वेगळ्या तक्त्याची गरज नाही. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१०च्या सुमारास इथे स्थिरावली आणि तिचाच पुढे लष्कर हा शहराचा भाग झाला. तिच्याबरोबर आपले सणही आले. त्या सणांपासून मागे मोजा. गाजराला ९० ते १०० दिवस लागतात. भोगीच्या लेकुरवाळ्या भाजीत घरचं गाजर हवं असेल, तर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बी मातीत पडलंच पाहिजे. चंपाषष्ठीच्या भरिताला कांद्याची पात हवी? मग पाच आठवडे आधी मोड आलेले कांदे कुंडीत खोचा. मेथी महिन्याभरात खुडायला येते, म्हणून ती एकदम न पेरता दर पंधरवड्याला मूठभर पेरा. धने हलके रगडून दोन डाळिंब्या करा आणि रात्रभर भिजवा, म्हणजे कोथिंबीर एकसारखी उगवते. मटाराला घाई करू नका. उष्णतेत त्याची रोपं मरगळतात. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात लावलेला मटार चांगला येतो.

गाजर, मुळा आणि मेथी जागच्या जागीच पेरायची. मुळाला धक्का लागला की गाजर फाटे फोडतं. टोमॅटो, फुलकोबी आणि कोबी यांची मात्र आधी रोपं करावी लागतात, आणि त्यासाठी विकतचे प्लास्टिकचे ट्रे घ्यायची गरज नाही. दिवाळीच्या आकाशकंदिलासाठी घरात कात्री, खळ आणि कागद निघतातच. त्याच बैठकीत मुलांना आणि आजी-आजोबांना रद्दीच्या कुंड्या करायला बसवा. वर्तमानपत्राच्या पानाची चार-पाच बोटं रुंद दुपदरी पट्टी घ्या. ती पेल्याभोवती गुंडाळा आणि तळाशी दोन बोटं कागद जास्त ठेवा. तो आत दुमडून पेल्याचं बूड जमिनीवर दाबून फिरवा, मग पेला अलगद काढून घ्या. खळ लागत नाही. माती भरून या कुंड्या ताटात एकमेकींना खेटून उभ्या करा, म्हणजे ओल्या झाल्या तरी उकलत नाहीत. पाणी ताटात घाला, वरून नको.

तीन-चार आठवड्यांत रोपाला चार-पाच पानं आली की कागदासकट मोठ्या कुंडीत लावा. त्या वेळी मातीवर राहिलेली कागदाची कड फाडून टाका. ती तशीच राहिली तर मुळांजवळचं पाणी शोषून हवेत उडवते आणि रोप का सुकतंय ते कळत नाही. तळालाही एक चीर द्या. कंदिलाचा रंगीत, घोटीव कागद मातीत घालू नका. त्याच्या उरलेल्या तुकड्यांची बियांची पाकिटं होतील.

जुन्या लष्करात पुष्कळ घरांची छतं दगडी पटियांची, म्हणजे लांब फरश्यांची आहेत. ओली माती फार जड असते. २० लिटरची भरलेली कुंडी सहज ३० किलोंच्या वर जाते. पटियांच्या मधोमध अशी कुंडी कधीही ठेवू नका. भिंतीच्या किंवा गर्डरच्या माथ्यावरच ठेवा. मातीत निम्मं शेणखत आणि कोकोपीट मिसळलं तर भार बराच हलका होतो. दक्षिणेची बाजू मोकळी असलेली जागा निवडा, कारण हिवाळ्यात सूर्य खालून जातो आणि शेजारच्या भिंतीची सावली लांब पडते. कूपनलिकेच्या क्षारट पाण्याने मातीवर पांढरा थर येतो. तो खरवडून काढा आणि अधूनमधून तळातून निथळेल इतकं साधं पाणी द्या. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणीही फेकू नका, ते कुंड्यांनाच घाला.

खरी परीक्षा पाल्याची, म्हणजे गोठणाऱ्या दंवाची. आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि संध्याकाळीच बोटं बधिर व्हायला लागली, तर त्या रात्री पाला पडेल असं धरून चाला. दिवस कलण्याआधी कुंड्यांना थोडं पाणी द्या. ओली माती रात्री ऊब धरून ठेवते. काठ्या रोवून त्यावर गोणपाट किंवा जुनी चादर टाका. ती पानांना टेकू देऊ नका, आणि सकाळी ऊन आलं की लगेच काढा. टोमॅटोला हे संरक्षण आधी हवं. मटार फुलावर असेल तर त्यालाही झाका. पालक, मेथी आणि कोबी बरीच थंडी सोसतात. धुक्याच्या आठवड्यांत टोमॅटोच्या पानांवर तपकिरी, पाणचट डाग दिसले तर तो करपा समजा. ती पानं तोडून घराबाहेर टाका आणि पाणी फक्त बुडाशी द्या. शंका असेल तर रोगट पान घेऊन कृषी विज्ञान केंद्रात जा. २००८पासून राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विश्वविद्यालय याच शहरात आहे. इतकी जवळची सोय वापरली पाहिजे.

फेब्रुवारीत ऊब वाढली की कोबी-मुळ्यावर मावा चढतो. लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि साबणाचे चार थेंब घालून संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. त्याच सुमारास मेथी-कोथिंबिरीची दोन-दोन धडधाकट रोपं खुडायची थांबवा आणि फुलू द्या. मार्चअखेर दाणे वाळले की सावलीत आणखी आठवडाभर ठेवा. मग कंदिलाच्या कागदाच्या पाकिटात भरा आणि वर नाव व महिना लिहा. ही पाकिटं उन्हाळाभर घरातल्या सर्वांत थंड, कोरड्या कपाटात ठेवा.