माफीनाम्यावर सही करण्याआधी

सास्तूर, ता. लोहारा, जि. धाराशिव

चि. बाळास,

काल रात्री आधी तुझ्या आईशी, म्हणजे अक्काशी, बोलले आणि मग तुझ्याशी. तुला कारणे दाखवा नोटीस आली आहे, ऑफिसात टाइप केलेला माफीनामा सहीसाठी पुढं केला आहे आणि तू बॅग भरून गावी यायचं म्हणतेस. फोनवर तू रडत होतीस, त्यामुळं मी बोलले त्यातलं निम्मंही तुझ्यापर्यंत पोचलं नसेल. म्हणून सगळं कागदावर लिहिते आहे. दोनदा वाच आणि मगच पेन हातात घे.

गावी येऊ नकोस. नोटिशीला उत्तर न देता निघून आलीस, तर चौकशी समिती तुझ्या माघारी निर्णय घेईल आणि गैरहजेरीचा ठपका वेगळा बसेल. इकडचंही तुला ठाऊक आहे. शिक्षण अर्धवट टाकून मुलगी घरी आली की भावकीतलं कुणीतरी स्थळ घेऊन दारात उभं राहतं. तुझे वडील, आमचे दाजी, तसे नाहीत, पण चार लोक रोज बोलायला लागले की भल्याभल्यांचा धीर सुटतो. नर्सिंगच्या जीएनएम डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षापर्यंत तू स्वतःच्या कष्टानं पोचली आहेस. ही जागा घाबरून सोडायची नाही.

स्वतःची बाजू मांडणं म्हणजे उलट बोलणं नव्हे, हे आधी मनाशी पक्कं कर. नर्सिंगमध्ये पहिल्या दिवसापासून 'येस सिस्टर' म्हणायची सवय लावतात. वॉर्डात ती लागतेच. पेशंट अत्यवस्थ असताना सूचनेवर वाद घालत बसलं तर जीव जातो. पण चौकशीच्या टेबलापुढंही मुली त्याच सवयीनं मान खाली घालतात आणि सांगतील तिथं सही करतात. ट्यूटर म्हणून मी अनेकदा त्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसले आहे. बहुतेक मुली एकतर 'मी काहीच केलं नाही' म्हणून हट्टाला पेटायच्या, नाहीतर रडत रडत सगळंच कबूल करायच्या. दोन्हींतून नेमकं काय घडलं ते समितीला कळायचं नाही. जी मुलगी 'हे केलं, हे केलं नाही, आणि त्याची नोंद अमुक रजिस्टरला सापडेल' असं शांतपणे सांगायची, तिचं म्हणणं बाजूला सारणं कडक सभासदालाही जड जायचं.

आता तुझ्या प्रकरणाकडं येऊ. तू सांगितलंस ते असं : दुपारच्या राउंडला तुझ्याकडं सहा बेड होते. पाच जणांचं बीपी तू स्वतः घेतलंस. सहाव्या बेडचा पेशंट एक्स-रेला गेला होता. रिपोर्ट द्यायची वेळ झाली, तेव्हा तू त्याचं सकाळचंच रीडिंग दुपारच्या रकान्यात उतरवलंस. नोटिशीत मात्र 'सर्व रुग्णांच्या खोट्या नोंदी' आणि 'इन्चार्ज सिस्टरशी उद्धट वर्तन' असे दोन आरोप आहेत. जे केलंस ते पूर्ण कबूल कर, आणि तेवढंच कबूल कर. टाइप केलेल्या माफीनाम्यात सहाही बेड आहेत आणि उद्धटपणाही आहे. त्यावर सही केलीस, तर न केलेल्या गोष्टीही कायमच्या तुझ्या नावावर लागतील. 'मी माझा खुलासा लेखी देते, मुदत द्यावी' एवढंच नम्रपणे सांग. कोऱ्या कागदावर किंवा 'स्वेच्छेनं प्रवेश रद्द करत आहे' अशा मजकुराखाली तर कुणी कितीही गोड बोलून सांगितलं तरी सही करायची नाही.

त्या एका रीडिंगला मात्र हलकं समजू नकोस. ऑपरेशन झालेल्या माणसाला आतून रक्तस्राव सुरू झाला, तर नाडी वाढते आणि बीपी उतरत जातं. चार्टवर सकाळचाच आकडा पुन्हा दिसला, तर रात्रीचा डॉक्टर निर्धास्त होतो. रकाना रिकामा ठेवून 'पेशंट एक्स-रेला' एवढं लिहिलं असतंस, तर ती नोंद बरोबर ठरली असती. आपल्या सास्तूरनं ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप सोसला. जिवावर बेतल्यावर शेजारी कुणी जाणतं माणूस असण्याची किंमत या गावाला सांगावी लागत नाही. आजही गावातल्या 'स्पर्श' रुग्णालयात आसपासच्या गावांतल्या बाया बाळंतपणाला येतात. त्यांना चार्ट वाचता येत नाही. चार्ट लिहिणारीवर त्यांचा भरवसा असतो. म्हणून खुलाशात ही चूक स्वच्छ शब्दांत लिही. 'कामाचा ताण होता', 'सगळ्याच तसं करतात' असलं काही जोडू नकोस. मैत्रिणींची नावंही त्यात ओढू नकोस.

खुलासा लिहायच्या आधी नोटीस ओळ न् ओळ वाच. तारीख कोणती, उत्तराची मुदत किती, नेमका आरोप काय आणि कुठल्या नियमाखाली लावला आहे, हे वहीत उतरव. 'उद्धट वर्तन' म्हणजे कोणत्या दिवशी, कुणासमोर, कोणते शब्द, हे नोटिशीत नसेल तर लेखी विचार. जो आरोपच धूसर आहे त्याला उत्तर कसं देणार?

मग वॉर्डात नर्सेस नोट्स लिहितेस तसा खुलासा लिही : वेळ, बेड नंबर, स्वतः काय पाहिलं, काय केलं. अंदाज नको, विशेषणं नकोत. पेशंटचं नाव लिहू नकोस, बेड नंबर पुरे. चार्टचे फोटो मोबाइलवर काढू नकोस. तो पेशंटच्या गोपनीयतेचा भंग होतो आणि तुझ्यावर नवा आरोप येतो. त्याऐवजी समितीनंच कागद मागवावेत असा अर्ज कर. त्या दिवसाचा टीपीआर चार्ट, ड्युटी रजिस्टर, वॉर्डाचं रिपोर्ट बुक आणि एक्स-रे विभागाचं रजिस्टर त्यात लिही. सहावा पेशंट किती वाजता वॉर्डाबाहेर होता ते एक्स-रेच्या रजिस्टरात सापडेल. वॉर्डात सीसीटीव्ही असेल, तर फुटेज जपून ठेवावं म्हणून उद्या सकाळीच अर्ज दे, कारण काही दिवसांनी जुन्यावर नवं चित्रण चढतं. प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती काढ. एक ऑफिसला दे, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घे. घेतच नसतील तर स्पीड पोस्टानं पाठव आणि पावती जपून ठेव.

बाजू मांडायचा हक्क तुला कुणी मेहरबानी म्हणून देत नाही. १९५४ च्या परीक्षेत उत्तर प्रदेशातल्या तीन परीक्षार्थींवर गैरप्रकाराचा आरोप आला. बोर्डानं त्यांना न विचारताच निकाल रद्द केले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६२ साली घनश्यामदास गुप्ता खटल्यात न्यायालयानं सांगितलं, की विद्यार्थ्याच्या आयुष्यावर एवढा परिणाम करणारा निर्णय घेताना त्याचं म्हणणं ऐकलंच पाहिजे. अगदी अलीकडचं आपल्याकडचं उदाहरण मे २०२५ मधलं आहे. समाजमाध्यमावरच्या एका पोस्टवरून पुण्यातल्या १९ वर्षांच्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थिनीला अटक झाली आणि कॉलेजनं बाजू न ऐकताच तिला काढून टाकलं. मुंबई उच्च न्यायालयानं तिला सोडायचा आदेश दिला, कॉलेजची कारवाई स्थगित केली आणि परीक्षेला बसू दिलं.

पण चौकशी समिती म्हणजे कोर्ट नव्हे, हेही समजून घे. रांचीच्या मेडिकल कॉलेजात मुलींच्या वसतिगृहात शिरलेल्या मुलांचं प्रकरण १९७३ साली सर्वोच्च न्यायालयापुढं आलं. तक्रारदार मुलींची नावं उघड केली नाहीत आणि त्यांची उलटतपासणी होऊ दिली नाही, तरी न्यायालयानं चौकशी योग्य ठरवली. आरोप मुलांना सांगितला होता आणि उत्तराची संधी दिली होती, ते पुरेसं मानलं. तेव्हा सिस्टरांना समोर बसवून प्रश्न विचारायला मिळतीलच असं धरून चालू नकोस. तुझे प्रश्न लेखी दे आणि समितीनं ते विचारावेत अशी विनंती कर.

सगळ्याच विद्यार्थ्यांना पाठीशी घालावं, असं माझं म्हणणं नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये केरळातल्या कोट्टायमच्या सरकारी नर्सिंग कॉलेजातलं रॅगिंग उघडकीला आलं आणि पाच सीनिअर विद्यार्थ्यांना अटक झाली. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दुबळ्याला छळणाऱ्यानं नर्सचा गणवेश घालू नये. पण आरोप कितीही गंभीर असला तरी बाजू ऐकूनच निर्णय व्हावा, आणि चूक असेल तेवढीच शिक्षा असावी. एका चुकीच्या रीडिंगसाठी ताकीद, पुन्हा प्रशिक्षण, जादा ड्युटी समजू शकते. त्यासाठी एका मुलीचं शिक्षणच संपवणं हा न्याय नव्हे, असं मी समितीत असताना म्हणत आले आणि तुझ्या बाबतीतही म्हणेन.

चौकशी संपेपर्यंत वॉर्डात येऊ नको म्हणाले, तर हजेरीचा प्रश्न त्याच दिवशी लेखी मांड. परीक्षेला बसायला थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हीकडं ८० टक्के हजेरी लागते आणि डिप्लोमा हातात पडण्याआधी प्रॅक्टिकल शंभर टक्के पुरं करावं लागतं. म्हणजे चौकशी रेंगाळली, तर दोष सिद्ध न होताच तुझं वर्ष जाईल. चौकशी ठराविक मुदतीत संपवावी, नाहीतर दुसऱ्या वॉर्डात देखरेखीखाली पोस्टिंग द्यावं आणि बुडालेले तास भरून काढू द्यावेत, अशी मागणी कर.

सुनावणीला दाजींना सोबत येऊ द्यावं म्हणून अर्ज दे. परवानगी नाही मिळाली तरी अर्ज नोंदीला राहील. आत विचारलं तेवढ्यालाच उत्तर दे. माहीत नसेल ते 'माहीत नाही' म्हण. व्हॉट्सॲपच्या स्टेटसला काही टाकू नकोस, सिस्टरांबद्दल ग्रुपवर एक शब्द लिहू नकोस, आणि साक्षीदार मैत्रिणींना काय बोलायचं ते शिकवू नकोस.

निर्णय विरुद्ध गेला, तर कारणांसह लेखी आदेश माग आणि अपील कुठं, किती दिवसांत करायचं ते विचार. आधी प्राचार्य आणि संस्था, मग शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ. तिथंही ऐकलं नाही, तर मराठवाड्यातल्या कॉलेजांसाठी उच्च न्यायालयाचं छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ आहे. वकिलाच्या फीची धास्ती घरात कुणी घेऊ नये. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणं बाईला, उत्पन्न कितीही असलं तरी, सरकारी खर्चानं वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, आणि १५१०० या नंबरवर फोनही करता येतो.

उद्या सकाळी उठून पहिला अर्ज मुदतीचा आणि फुटेजचा दे. संध्याकाळपर्यंत खुलाशाचा कच्चा मसुदा मला वाचून दाखव. एकही वाक्य मी तुझ्याऐवजी लिहिणार नाही, कारण समितीपुढं उभं तुला राहायचं आहे. पण प्रत्येक वाक्यापाशी 'हे खरं आहे का, आणि खरं आहे तेवढंच आहे का' असं मी विचारीन. या प्रश्नाला न अडखळता उत्तर देता आलं, की समितीपुढं ताठ मानेनं जा. पुढं आयुष्यभर प्रत्येक चार्टवर सही करतानाही स्वतःला हाच प्रश्न विचारत जा.

तुझी,
मावशी