सिनियरांची हार्ड डिस्क आणि रायझरएफएस

आमच्या विंगमध्ये ८० जीबीची एक हार्ड डिस्क बॅचमागून बॅच हातोहात येत आली आहे. जुने पेपर, गॅदरिंगचे फोटो, कुणा सिनियरचा अख्खा बी.ई. प्रोजेक्ट, सगळं तिच्यात. मागच्या सेमिस्टरला मी ती यूएसबी कन्व्हर्टरने लॅपटॉपला लावली, तर उत्तर आलं, फाइलसिस्टिमचा प्रकारच अनोळखी! सगळे म्हणाले, डिस्क गेली. ब्लकआयडी कमांडने मात्र प्रकार बरोबर सांगितला: रायझरएफएस. म्हणजे डिस्क शाबूत होती, माझ्या नव्या कर्नलला ती वाचता येत नव्हती.

मित्रहो, २००१ साली लिनक्स २.४.१ मध्ये आलेली ही कर्नलमधली पहिली जर्नलिंग फाइलसिस्टिम. बदल करण्याआधी त्याची नोंद जर्नलमध्ये होते, त्यामुळे मध्येच लाइट गेली तरी पूर्ण डिस्क तपासत बसावं लागत नाही. (हॉस्टेलवाल्यांना याचं महत्त्व सांगायला नको.) छोट्या फायली एकाच ब्लॉकमध्ये कोंबून ती जागाही वाचवायची. सुसे लिनक्समध्ये तीच डिफॉल्ट होती. तेव्हा मी असतो तर मीही तीच घेतली असती.

त्याच वर्षी एक्स्ट३ कर्नलमध्ये आली. तिच्यात नवलाई कमी, पण एक्स्ट२ची डिस्क फॉरमॅट न करता एक्स्ट३ करता यायची. रायझरच्या मागे एकच छोटी कंपनी, आणि तिचं लक्ष पुढच्या रायझर४ कडे वळलेलं. २००८ मध्ये मूळ लेखक हान्स रायझर पत्नीच्या खुनाबद्दल दोषी ठरला, म्हणून फाइलसिस्टिम बुडाली असं सर्रास सांगतात. मला ते अर्धवट वाटतं. डिफॉल्ट बदलून एक्स्ट३ करावी हा प्रस्ताव सुसेच्याच अभियंत्याने २००६ मध्ये, त्याच्या अटकेच्या आधी मांडला होता. सांभाळणारी माणसं कमी, हे त्यातलं एक कारण.

कर्नलची आतली रचना सतत बदलते. प्रत्येक बदलाबरोबर प्रत्येक फाइलसिस्टिमचा कोड कुणीतरी दुरुस्त करायचा, तपासायचा. रायझरला असा माणूस उरला नाही. २०२२ मध्ये ५.१८ कर्नलने तिला कालबाह्य ठरवलं आणि जानेवारी २०२५ च्या ६.१३ मधून ती काढूनच टाकली. गंमत म्हणजे एक्स्ट३चा स्वतंत्र कोडही २०१५ मध्ये ४.३ मधून काढला गेला. पण एक्स्ट४चा ड्रायव्हर तिच्या डिस्का आजही उघडतो!

अशी डिस्क मिळाली तर आधी डीडीरेस्क्यूने तिची इमेज काढा आणि पुढची सगळी खटपट इमेजच्या कॉपीवर करा. रायझरचं मॉड्यूल असलेला ६.१२ किंवा त्याआधीचा कर्नल लागेल. मी जुन्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट केलं. दुरुस्तीतला 'रीबिल्ड-ट्री' पर्याय मात्र उगाच वापरू नका. तो पार्टिशनभर रायझरचे तुकडे शोधतो, आणि आत रायझरचीच एखादी इमेज फाइल असेल तर तिचे तुकडेही त्याच झाडात मिसळतो.

पेपर आणि फोटो सगळे निघाले. प्रोजेक्टच्या दोन फायली बॅड सेक्टरमध्ये गेल्या. नव्या डिस्कवर एक्स्ट४ केली आहे, आणि डब्यावर मार्करने तसं लिहूनही ठेवलं आहे.