रेणूंची चाळण

पीठ चाळतांना बारीक तें खालीं पडतें व कोंडा चाळणींत राहतो, हें आमच्या लहान वाचकांसही ठाऊक आहे. ज्या पदार्थास शास्त्रज्ञ 'रेणूंची चाळण' म्हणतात, त्याची रीत उलट आहे. तेथें बारीक तें आंत अडकतें, आणि मोठें तें बाहेरून निघून जातें.

१७५६ सालीं स्वीडनमधील क्रॉनस्टेट यांनीं एक खनिज तापविलें, तेव्हां तें उकळल्यासारखें फसफसलें. म्हणून त्यांनीं त्यास ग्रीक भाषेंतून 'उकळता दगड' या अर्थाचें झिओलाइट हें नांव दिलें. आंत दडलेलें पाणी वाफ होऊन निघत होतें, इतकेंच. पुणें व नाशिककडील काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत असे स्फटिक पुष्कळ सांपडतात. उद्योगधंद्यांत लागणारे मात्र बहुधा कारखान्यांतच तयार करितात.

या स्फटिकांत अणूंच्या जाळीनें बनलेल्या असंख्य खोल्या असतात, व त्यांचीं दारें एकाच मापाचीं. एका जातीचें दार सुमारें ३ अँगस्ट्रॉम, म्हणजे सेंटिमीटरच्या दहा कोटी भागांपैकीं तीन भाग, रुंद असतें. पाण्याचा रेणु त्यांतून आंत शिरून भिंतीस चिकटतो (यास अधिशोषण म्हणतात). मद्यार्काचा रेणु मोठा, तो बाहेरच राहतो. साध्या ऊर्ध्वपातनानें मद्यार्कांतील जें शेवटचें चार-पांच टक्के पाणी निघत नाहीं, तें अशा रीतीनें काढून मग तो मद्यार्क पेट्रोलमध्यें मिसळतात.

परंतु चाळण हें नांव अर्धेंच खरें आहे, असें आम्हांस वाटतें. हवेंतील नत्रवायु व प्राणवायु यांचे रेणु जवळजवळ सारखेच. मोठ्या दाराच्या जातींत दोन्ही शिरतात. तथापि खोलींतील सोडियम किंवा लिथियमचे विद्युद्भारित अणु नत्रवायूस अधिक जोरानें धरून ठेवितात, आणि नव्वद टक्क्यांहून अधिक शुद्ध प्राणवायु पुढें निघतो. २०२१ सालच्या करोनाच्या सांथींत कित्येक रुग्णांचा श्वास यावरच अवलंबून होता.

खोल्या भरल्या म्हणजे काय? त्या रिकाम्या करावयाच्या. प्राणवायूच्या यंत्रांत दोन टांक्या असतात. एक दाबाखालीं काम करीत असतां दुसरीचा दाब सोडतात. नत्रवायु सुटतो, व थोडा प्राणवायु उलट सोडून ती धुऊन काढितात. कांहीं सेकंदांनीं पाळी बदलते. पाणी मात्र असें सहज सुटत नाहीं. त्यास २०० ते ३०० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापविलेला कोरडा वायु लागतो, आणि नंतर चाळण थंडही करावी लागते. तप्त असतां ती फारसें धरीत नाहीं.

येथेंच घरगुती यंत्राचा धोका आहे. दमट हवेंतील पाणी एकदां आंत शिरलें कीं तें नत्रवायूची जागा अडवून बसतें. यंत्र पूर्वीसारखेंच घरघरतें, नळींतून वाराही येतो, पण त्यांत प्राणवायु कमी असतो. तेव्हां आवाजावर न विसंबतां, त्या वायूंतील प्राणवायूचें प्रमाण मापकानें वरचेवर तपासून घ्यावें.