सायलेन्सरमधून सडक्या अंड्यांचा वास

प्रश्न : माझी पेट्रोल गाडी 2021 सालची आहे. आमगावहून देवरीला जाताना मागून सडक्या अंड्यांसारखा वास येतो. पेट्रोलमध्ये भेसळ असेल का? – एक वाचक, आमगाव

उत्तर : लगेच पंपाला दोष देऊ नका. 1 एप्रिल 2020 पासून मिळणाऱ्या बीएस-6 पेट्रोलमध्ये गंधकाची मर्यादा किलोमागे फक्त 10 मिलिग्रॅम आहे. वास हायड्रोजन सल्फाइडचा आहे. इंजिनात पेट्रोल प्रमाणाबाहेर जाऊ लागले, की कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला ऑक्सिजन अपुरा पडतो आणि तिथे हा वायू तयार होतो. आधी स्कॅनर लावून ऑक्सिजन सेन्सर तपासून घ्या. मग मेकॅनिकला समोर प्लग काढायला सांगा. टोकावर बोटाला लागणारी कोरडी, काळी काजळी दिसली, तर पेट्रोल जास्त जातेय. कन्व्हर्टर फार महाग असतो. मूळ दोष तसाच ठेवून बदललात, तर नवाही खराब होईल.

वास गोडसर असेल आणि पांढरा धूर थांबतच नसेल, तर हेड गॅस्केट बघा, कूलंट जळतोय.

वास गाडीच्या आत येत असेल, तर मात्र काचा खाली करा आणि गाडी थांबवा. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो. नवेगावबांधच्या थंडीत काचा लावून, इंजिन चालू ठेवून गाडीत अजिबात झोपू नका.