आधी मधला ठोकळा, मग बशी

अगं, रात्री पावणेबाराला तुझा मेसेज आला. "ताई, बशी अंड्यासारखी झालीय. सगळं उडवून टाकते." खाली तू माइनक्राफ्टमध्ये बांधतेयस त्या जहाजाच्या बशीचा फोटो. मी तो मोठा करून दोनदा पाहिला. खरं सांगू का, उडवण्यासारखं त्यात काहीच नाही. डावीकडची कड तू काही ठोकळे जास्त ओढलीस, एवढंच झालंय. पण तू दमली आहेस. सकाळची लोकल, संध्याकाळी गर्दीत लोंबकळत परत, पूल ओलांडून दहिवलीत यायचं, कणीक मळायची, भांडी आवरायची आणि मग दहानंतर लॅपटॉप उघडायचा. अशा वेळी सात ठोकळे चुकले की सातशे चुकल्यासारखे वाटतात. म्हणून आज सगळं नीट लिहितेय. चहा टाक आणि सावकाश वाच.

पहिली गोष्ट मापाची. तू बांधतेयस ते 'स्टार ट्रेक'मधलं मूळचं एंटरप्राइझ हे अंतराळजहाज, म्हणजे १९६६ सालच्या मालिकेतलं, साधारण २८९ मीटर लांब मानतात. पुढची गोल बशी १२७ मीटर रुंद आणि सगळ्याची उंची सुमारे ७३ मीटर. आपली बारा डब्यांची कर्जत लोकल साधारण अडीचशे मीटरची असते. म्हणजे फलाटावर गाडी उभी असताना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जा आणि तिच्यापुढे आणखी दोन डबे धर. एवढं जहाज. माइनक्राफ्टच्या खेळात एक ठोकळा म्हणजे एक मीटर, त्यामुळे हिशेब सरळ आहे: २८९ ठोकळे लांब, १२७ रुंद, ७३ उंच. तू म्हणालीस, "दुप्पट मोठं करू का, खोल्या ऐसपैस होतील?" नको गं. दुप्पट केलंस की बाहेरचा पत्रा चौपट लागतो आणि पोट आठपट होतं. पहिलं जहाज मीटरला ठोकळा याच मापाचं कर.

आता तुझी खरी काळजी. "आतल्या खोल्या बाहेरच्या आकारात बसतच नाहीत, माझंच काहीतरी चुकतंय." बघ, इथे जरा थांब. तुझं चुकत नाहीये. त्या जहाजाबरोबर 'गॅलिलिओ' नावाची छोटी अंतराळहोडी आहे ना, तिच्या आत माणसं आरामात उभी राहतात, आणि बाहेरून केलेली प्रतिकृती इतकी ठेंगणी की आतला सेट तिच्यात मावलाच नसता. मालिका करणाऱ्यांनी बाहेर वेगळं बांधलं, आत वेगळं. प्रेक्षकाला ते जाणवलं नाही, कारण दोन्ही एकदम कधी दिसलंच नाही. चित्रीकरणासाठी केलेलं सुमारे साडेतीन मीटरचं मोठं एंटरप्राइझ १९७४ पासून अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. त्याची उजवी बाजू देखणी, तपशिलांनी भरलेली. डावी बाजू जवळजवळ कोरी, कारण दिव्यांच्या तारा तिकडून बाहेर काढल्या होत्या आणि कॅमेरा तिकडे जायचाच नव्हता. जे जहाज मुळातच आतून-बाहेरून जुळत नाही, ते तुझ्याकडून पहिल्या महिन्यात कसं जुळावं?

आपल्याला हे समजायला लांब जायला नको. चौक गावाजवळ कलादिग्दर्शक नितीन देसाईंनी २००५ मध्ये एन. डी. स्टुडिओ उभा केला. 'जोधा अकबर'साठी आग्र्याचा किल्ला आपल्या या कर्जतच्या मातीवर उभा राहिला. आज देसाई नाहीत, पण त्यांनी या भागाला दाखवलं की पाइप, प्लायवूड आणि प्लास्टर ऑफ पॅरिसमधून माणसाच्या डोळ्यांना दगड दिसू शकतो. कुठल्याही सेटच्या भिंतीमागे जाऊन बघ, मागे नुसत्या टेकू दिलेल्या फळ्या असतात. त्याला कोणी फसवणूक म्हणत नाही. कुठून बघणार हे ठरवून केलेलं ते काम असतं. तूही ठरव. कोणत्या तीन खोल्यांत तुला खरंच फिरायचंय? ब्रिज म्हणजे जहाज चालवायची खोली, इंजिनची खोली आणि माणसं विरून जातात ती ट्रान्सपोर्टरची खोली. बाकी मजले पोकळ राहू देत. पुढे सुचलं तर भरशील.

बाहेरच्या पत्र्याबद्दलही तू घाबरली आहेस, की फार साधा दिसतो, काही नक्षी हवी. नको लावूस. मॅट जेफ्रीज या कलाकारानं हे जहाज रेखाटलं, तेव्हा त्यानं विचार केला की दुरुस्ती आतून होणार, मग यंत्रं बाहेर कशाला लटकवायची? म्हणून अंग गुळगुळीत. आणि ती दोन लांब इंजिनं इतकी दूर, दांड्यांवर का? कारण ती प्रचंड ताकदीची, धोक्याची, माणसांपासून लांब असलेली बरी. आपल्या आज्यांनी न्हाणीघराचा बंब मागच्या पडवीत का ठेवला, तसंच. हे एकदा कळलं की कुठे काय घालायचं ते आपोआप सुचतं. स्मूथ क्वार्ट्झ आणि फिकट राखाडी काँक्रीट, एवढं पुरे. इंजिनांच्या पुढच्या टोकाला लाल-नारिंगी काच आणि तिच्यामागे ग्लोस्टोन. रात्री लांबून बघशील तेव्हा डोळ्यांत पाणी येईल, सांगून ठेवते.

आता बशी. तू थेट स्क्रीनवर गोल काढायला बसलीस, तिथेच गाडी अडली. तुला ठिपक्यांची रांगोळी येते ना? मग गोल येतो. चौकटीच्या वहीचं पान घे. १२७ हा आकडा विषम आहे, म्हणून बरोबर मध्यावर एकच ठोकळा येतो. त्या मधल्या ठोकळ्यापासून वर ६३ मोज. सगळ्यात वरची सपाट ओळ १५ ठोकळ्यांची. तिच्या खालच्या ओळीत दोन्ही बाजूंना सहा-सहा जास्त. त्याखाली चार-चार. मग तीन, पुन्हा तीन, मग दोन, पुन्हा दोन. असं उतरत जा. मधल्या ठोकळ्यापासून आडवं आणि उभं अंतर सारखं झालं, पंचेचाळिसाच्या आसपास, की थांब. मधल्या उभ्या रेघेच्या एका बाजूला जेवढं आलं, तो गोलाचा आठवा भाग. उरलेले सात भाग म्हणजे तोच, आरशात उलटसुलट धरलेला. एक पाकळी नीट काढली की बाकीची फुलतात, हे तुला कोणी शिकवायला नको.

माझी एक चूक सांगते, तुझे चार दिवस वाचतील. मी पहिल्यांदा बशी १२७ चीच बांधली आणि तिला खालच्या नळकांड्याशी जोडणारी मान केली आठ ठोकळ्यांची. विषम आकड्याच्या मध्यावर ठोकळा असतो, सम आकड्याच्या मध्यावर नुसती फट. मान अर्धा ठोकळा एका बाजूला गेली. जवळून कळेना, पण लांब जाऊन बघितलं की सगळं जहाज मान वाकडी करून उभं. अख्खं नळकांडं सोडवून परत बांधलं. म्हणून बघ, मधोमध येणारं जे काही असेल, मान, नळकांडं, त्याच्या पुढची तबकडी, त्याची रुंदी विषमच ठेव. आणि सगळ्याच्या आधी लाल लोकरीच्या ठोकळ्यांची २८९ ची सरळ रांग घाल, दर दहावा ठोकळा पिवळा. शिवणाऱ्या बाया कापडावर आधी खडूची रेघ मारतात, मग कात्री उचलतात. तीच ही रेघ. काम संपलं की काढून टाकायची.

हातानं एकेक ठोकळा ठेवत बसू नकोस, गं. बशीचा एक भरीव थर म्हणजे साडेबारा हजारांहून जास्त ठोकळे. सेकंदाला एक ठेवलास तरी साडेतीन तास, आणि तेही बोटं न दुखता. फिल कमांड शिक. लॅपटॉपवरच्या खेळात ती एका दमात ३२,७६८ ठोकळे भरते. दोन कोपऱ्यांचे आकडे दिले की झालं. आणि पाकळी उलटवायला स्ट्रक्चर ब्लॉक वापर. तो जास्तीत जास्त ४८ बाय ४८ चा तुकडा उचलतो, म्हणून पाव बशी तुकड्यातुकड्यानं न्यावी लागेल. सुरुवातीला आकडे डोक्यात गरगरतील. दोन संध्याकाळी गरगरू देत. तू ऑफिसात शंभर ओळींचा हिशेब सांभाळतेस, हे तुला अवघड नाही. काम सपाट जगातच कर, डोंगर-झाडं मध्ये येत नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. माझं पहिलं जहाज फोनवर होतं. फोनची जागा भरली, मी अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं, आणि सात महिन्यांचं जग गेलं. मी दोन दिवस कोणाशी धड बोलले नाही. घरच्यांना कळेना की मला झालंय काय. तुझ्यावर ती वेळ येऊ नये. दर रविवारी जगाची एक प्रत लॅपटॉपवर वेगळी ठेव आणि एक पेन ड्राइव्हवर. फाइलच्या नावात तारीख घाल. आपल्याकडे पावसात लाइट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून आभाळ गडगडायला लागलं की आधी नीट सेव्ह करून बाहेर पड. उडवून टाकायचा विचार मनात आला, तरी आधी प्रत काढ, मग उडव. सकाळी तुलाच बरं वाटेल.

आई म्हणते, "एवढी मोठी झालीस आणि अजून गेम?" तिच्यावर चिडू नकोस. तिला शेजारी बसव आणि ब्रिजवरून फिरवून आण. तिला सांग की २०१० मध्ये, हा खेळ पुरता तयारही झाला नव्हता, तेव्हा एका खेळाडूनं याच मालिकेच्या पुढच्या पिढीतलं एंटरप्राइझ, सुमारे ६४२ मीटरचं, खऱ्या मापात ठोकळ्यांनी बांधलं आणि जगभरची माणसं ते बघायला थांबली. २०१२ पासून संयुक्त राष्ट्रांची यूएन-हॅबिटॅट ही संस्था याच खेळात वस्तीतल्या लोकांना आपापली मैदानं, बागा आखायला देते. कागदावरचा नकाशा ज्यांना वाचता येत नाही, त्यांनाही ठोकळ्यात जागा दिसते. तुझ्या हातात तेच कौशल्य येतंय. ते कुठे उपयोगी पडेल ते आज ठरवायची गरज नाही.

आणि आईला दिवाळीतल्या किल्ल्याची आठवण करून दे. अंगणात दगडविटा रचायच्या, वर गोणपाट, त्यावर नदीकाठची माती, मग अळीव पेरायचे आणि रोज सकाळी हिरवं आलं का ते बघायचं. कोणता बुरूज कुठे, यावरून केवढी भांडणं व्हायची. खरा रायगड आमच्यातल्या कोणीच तेव्हा पाहिला नव्हता. तरी दरवर्षी तो आमच्या अंगणात उभा राहायचा, थोडा वाकडा, थोडा आमचा. दिवाळी सरली की माती परत बागेत जायची, आणि पुढच्या वर्षी हात जास्त सफाईनं चालायचे. माझं जहाज गेलं तेव्हा मला हेच आठवलं. दुसरं बांधायला सात महिने लागले नाहीत, अडीच लागले. बशीचे आकडे तोंडपाठ झाले होते.

म्हणून आज रात्री एवढंच कर. ती अंड्यासारखी बशी आहे तशी राहू दे, शेजारी मोकळी जागा भरपूर आहे. तिथे मधला एक ठोकळा ठेव. वर ६३ मोज आणि १५ ठोकळ्यांची ती पहिली ओळ घाल. सेव्ह कर आणि झोप. रविवारी वही घेऊन माझ्याकडे ये, पाकळी आपण दोघी मिळून मोजू. थालीपीठ मी करते, लोणी तू आण.