आधी काम विचारा, मग ऑपरेटिंग सिस्टिम सांगा

14 ऑक्टोबर 2025 नंतर विंडोज 10 वरचं मशीन बंद पडतं, असं मला ज्या दुकानदारांनी सांगितलं त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. पण त्यांनी सांगितलं ते खोटं होतं. मायक्रोसॉफ्टने त्या तारखेला विंडोज 10 चे नेहमीचे मोफत सुरक्षा-अपडेट थांबवले, एवढंच खरं. मशीन त्या दिवशी चालू होतं, दुसऱ्या दिवशीही चालू होतं. शिवाय घरच्या मशीनसाठी कंपनीने 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत एक वर्षाची वाढीव मुदत दिली होती. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगइन करून सेटिंगचा बॅकअप चालू केला की फुकट, नाहीतर 30 डॉलर. एका खात्यावर 10 मशीन बसतात. फुकटची ही वाट जून 2025 मध्येच जाहीर झाली होती. आमचे दुकानदार ऑगस्टमध्ये आले, आणि त्यातलं अक्षरही बोलले नाहीत.

मी नारायण पेठेत राहत्या घरीच मराठी अक्षरजुळणी करते. पेजमेकर, डोंगलवर (मशीनला जोडायच्या कुलपावर) चालणारं मराठी फाँटांचं सॉफ्टवेअर आणि रेमिंग्टन कीबोर्ड यांवर माझी बोटं बसली आहेत. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, 7.0, 2001 साली आली. तरी अजून पेठांमधल्या कितीतरी डीटीपीवाल्यांकडे ती रोज उघडली जाते. हा मागासलेपणा नव्हे. प्रकाशक पंधरा वर्षांपूर्वीच्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढायची म्हणतात, तेव्हा जुनी फाइल उघडून तीच पानं, त्याच ओळी, तोच पानक्रमांक द्यावा लागतो. पान हललं की अनुक्रमणिका आणि सूची नव्याने करा, प्रुफं नव्याने वाचा. त्याचे पैसे कोण देणार?

माझी मशीन सहाव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरची. विंडोज 11 ला इंटेलची आठवी किंवा त्यापुढची पिढी आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते, त्यामुळे त्यांवर ते चढणार नव्हतं हे मलाही ठाऊक होतं. मी दुकानदारांना विचारलं, "दिवाळी अंकांचं काम हातात आहे. तोपर्यंत आहे तसंच चालवलं तर?" त्यावर ते म्हणाले, "काकू, ही मशीन आता भंगार. बंदच पडणार. पडली नाहीत तर बँकेचा पासवर्ड चोरीला जाईल." मग दोनच मार्ग सांगितले. सगळी मशीन नवी घ्या, नाहीतर आहे त्यावर लिनक्स टाकून देतो, फुकट असतं, मजुरी तेवढी द्या.

मी होकार दिला नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवलं की काहीही बदललं तरी पेजमेकर चाललं पाहिजे, डोंगल चाललं पाहिजे आणि जुन्या फाइली ओळीला ओळ तशाच उघडल्या पाहिजेत. "होऊन जाईल काकू" एवढं उत्तर आलं. तो मेसेज अजून माझ्याकडे आहे. गणपतीच्या आधी त्यांचा मुलगा मुख्य मशीन "नुसतं तपासायला" म्हणून दुकानात घेऊन गेला. गौरी गेल्यावर परत आणलं, ते विंडोज पुसून, लिनक्स टाकून. मला न विचारता.

एका अंकातली कथा दुसऱ्या दिवशी लेखकाला प्रुफासाठी द्यायची होती. पेजमेकर नव्हतंच. मुलगा म्हणाला, "फाइल लिब्रेऑफिसमध्ये उघडून देतो." म्हणून मी त्याच कथेचा वर्डमधला मजकूर त्याला दिला. पडद्यावर मराठीचं एक अक्षर नव्हतं. डोक्यावर दोन टिंबं असलेली युरोपीय अक्षरं, पाउंडाच्या खुणा, उलटे स्वल्पविराम, नुसता पानभर चिखल. तो म्हणाला, "फाइल करप्ट झालीय." मी म्हटलं, "बाळा, फाइल ठणठणीत आहे. हा मजकूर युनिकोडमध्ये नाही."

त्याला काही कळलं नाही. मग मी सांगितलं. युनिकोडमध्ये 'क' हा 'क'च असतो, जुन्या मराठी फाँटांमध्ये तो संगणकाच्या लेखी 'क' नसतोच. रोमन अक्षराच्या जागेवर 'क'चं चित्र बसवलेलं असतं. तो फाँट आणि त्याचं सॉफ्टवेअर असेल तर मराठी दिसते, नसेल तर खालचं रोमन अक्षर उघडं पडतं. मुलाने दुकानदारांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. त्यांनी विचारलं, "म्हणजे मराठी फाँट दोन प्रकारचे असतात का?"

तो प्रश्न ऐकला आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. हा माणूस मला ऑपरेटिंग सिस्टिम बदलायचा सल्ला देत होता, त्याचे पैसे घेत होता, आणि मराठी संगणकात कशी राहते हे त्याला माहीत नव्हतं. तेही पुण्यात! 1988 साली ज्या शहरात सी-डॅक उभं राहिलं, ज्या शहरात सी-डॅकच्याच जिस्ट गटाच्या लोकांनी भारतीय लिप्या संगणकावर आणण्यासाठी वर्षानुवर्षं काम केलं, जिथल्या रेड हॅटच्या कार्यालयात भारतीय लिपींच्या लोहित फाँटांवर मेहनत झाली, त्या शहरात दुकान थाटून बसलेल्या माणसाने गिऱ्हाइकाला "तुम्ही काय काम करता, कोणत्या फाँटात करता" एवढं विचारू नये?

पुढचं वागणं तर त्याहून वाईट. आधी "वाइन टाकतो, त्यात विंडोजचं सगळं चालतं" म्हणाले. वाइनमध्ये विंडोजचे पुष्कळ प्रोग्रॅम चालतात हे खरं, पण डोंगलचा ड्रायव्हर सिस्टिमच्या पोटात बसावा लागतो, तो तिथे बसत नाही. सॉफ्टवेअर "लॉक सापडत नाही" म्हणत राहिलं. मग "सगळं युनिकोडमध्ये कन्व्हर्ट करून घ्या, जग युनिकोडवर गेलंय" असा उपदेश. कन्व्हर्टरने 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' केलं, 'वाऱ्यावर'चं 'वार्यावर' केलं, आणि पानं वाढली ती वेगळीच. एक दिवाळी अंक म्हणजे काही दोन पानांचं पत्रक नव्हे. तेवढ्यात विसर्जन आलं, लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता, केळकर रस्ता, कुमठेकर रस्ता बंद, आणि दुकान तर त्याआधीपासूनच बंद. फोन उचलला नाही. शेवटी मेसेज आला, "काकू, लिनक्स बेस्टच आहे. तुम्हाला सवय नाही म्हणून त्रास होतोय." खाली बिल.

सवयीचा प्रश्न नव्हता. मी लिहून दिलेल्या तीन गोष्टींपैकी एकही चालत नव्हती. त्यांनी डिस्क पुसली तरी माझं काम वाचलं, कारण माझ्या सगळ्या फाइली वेगळ्या हार्डडिस्कवर होत्या आणि ती मी कोणाच्या हाती देत नाही. दुसऱ्या एका माणसाने विंडोज 10 परत टाकलं. लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असल्यामुळे ते आपोआप ॲक्टिव्हेट झालं. वाढीव मुदतीची नोंदणी मी स्वतः सेटिंगमधल्या अपडेटच्या पानावरून केली, चहा गार व्हायच्या आत. अंक प्लेटला उशिरा गेले, रात्री जागल्या, आणि बोलणी मात्र प्रकाशकांची मी खाल्ली.

लिनक्सवर माझा राग नाही, हे स्पष्ट सांगते. नोव्हेंबर 2017 पासून जगातल्या सर्वांत वेगवान 500 संगणकांच्या यादीतले सगळेच्या सगळे लिनक्सवर आहेत. नारायणगावजवळ खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीसाठी 2024 मध्ये परम रुद्र महासंगणक आला, तोही याच जातकुळीचा. ज्याचं काम ब्राउझर, ईमेल, युनिकोडमधलं लिखाण आणि पीडीएफ एवढंच आहे, त्याने जुन्या मशीनवर लिनक्स जरूर टाकावं. पैसे वाचतात, मशीन हलकं चालतं, व्हायरसचा त्रास कमी. निवृत्त शिक्षक, लेखक, पत्रकार यांना मी स्वतः तेच सुचवते. पानं लावायला स्क्रायबस आहे. त्याच्या जुन्या 1.4 आवृत्तीत जोडाक्षरं तुटायची, 2024 च्या 1.6 मध्ये ती नीट बसतात. पण इनडिझाइन लिनक्सवर नाही, टॅली नाही आणि माझं डोंगल नाही.

मॅक पाहायला सुंदर. त्यात कोहिनूर देवनागरीसारखा देखणा फाँट आयताच मिळतो, इनडिझाइन उत्तम चालतं, आणि नव्याने, फक्त युनिकोडमध्ये काम सुरू करणाऱ्या तरुण डिझायनरने पैसे असतील तर घ्यावा. मात्र 2020 नंतरच्या ॲपलच्या स्वतःच्या चिपवाल्या मॅकवर पूर्वीसारखं शेजारी विंडोज टाकता येत नाही. म्हणजे जुन्या फाइलींचा दरवाजा बंद. दुकानात हे कोणी आपणहून सांगत नाही.

विंडोजचं बलस्थान एकच, आणि आमच्यासाठी ते सगळ्यांत मोठं: जुनं चालतं. जुना प्रिंटर, जुना स्कॅनर, जुनं डोंगल, टॅली, सरकारी पोर्टलांच्या डिजिटल सहीचे टोकन, सगळं धरून ठेवतं. बदल्यात मशीन जड होतं आणि कंपनी सांगेल त्या तारखेला तुम्हाला नाचावं लागतं. याचा मला संताप आहे. चांगलं चालणारं यंत्र केवळ प्रोसेसरची पिढी जुनी म्हणून नव्या सिस्टिमने नाकारावं, ही ग्राहकाची लूट आहे. तरीही माझ्या कामाला आज दुसरा पर्याय नाही, आणि हे माझं काम ठरवतं, दुकानदार नाही.

आता ज्यांना बदल करायचाच आहे त्यांच्यासाठी. आपलं जुनं साहित्य कोणत्या फाँटात आहे ते आधी पाहा. मजकुराची फाइल (पीडीएफ नव्हे) मोबाइलवर पाठवून उघडा. मराठी दिसली तर युनिकोड, चिखल दिसला तर जुना फाँट. चिखल दिसणाऱ्या फाइली असतील तोवर एक विंडोज मशीन घरात राहू द्या, वाटलं तर इंटरनेट काढून ठेवा, पण मोडीत काढू नका.

नव्या सिस्टिमवर पैसे देण्याआधी स्वतः बसून 'दुसऱ्या', 'वाङ्मय', 'उद्ध्वस्त', 'ॲसिड', 'ज्ञानेश्वर' हे शब्द टाइप करा आणि छापून पाहा. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये 2008 साली आलं, त्यामुळे जुन्या फाँटांत त्याच्या जागी चौकोन येतो. मराठी वळणाचा 'ल' आणि 'श' हवा असेल तर ज्या फाँटांत तशी सोय आहे त्यातही मजकुराची भाषा मराठी निवडावी लागते, हिंदी राहिली तर अक्षरं हिंदी वळणाची येतात. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा, नाहीतर जोडाक्षरं मोडतात. विंडोज 10 किंवा 11 नव्याने टाकलं की 'मंगल' फाँट गायब दिसतो. तो हरवलेला नसतो, ऑप्शनल फीचर्समधून देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स टाकून घ्यायचा असतो. कोणीतरी तेवढ्यासाठी पैसे मागेल, देऊ नका.

ज्यांचं वय आणि बोटं अजून लवचीक आहेत त्यांनी इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकावा. विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हीकडे तो तसाच आहे आणि कुणाच्या सॉफ्टवेअरचा मिंधा नाही. प्रेसला नेहमी पीडीएफ द्या, फाँट आत बसवून. प्लेट काढणाऱ्याला तुमची सिस्टिम कोणती याच्याशी कर्तव्य नसतं.

बॅकअप ठेवा, पक्कं बिल घ्या, लायसन्सचं विंडोज वापरा, हे सगळेच सांगतात आणि खरंच आहे. विंडोज 11 ची अट चुकवून जुन्या मशीनवर "जुगाड करून टाकून देतो" म्हणणारेही भेटतील. मायक्रोसॉफ्ट अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी देत नाही, हे त्यांच्याकडून लिहून मागा. आणि मशीन दुकानात पाठवायचं झालं तर डिस्क काढून घेऊन पाठवा.

यंदा, म्हणजे 2026 मध्ये, गणपती 14 सप्टेंबरला आहेत, लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला. विंडोज 10 ची वाढीव मुदत संपते 13 ऑक्टोबरला, म्हणजे अंक ऐन प्लेटला जात असतील तेव्हा. बदल करायचा असेल तर मे महिन्यात करा, जुनं मशीन शेजारी चालू ठेवून करा, आणि पहिल्याच भेटीत "कोणत्या फाँटात काम करता?" असं न विचारणाऱ्या माणसाला घरात घेऊ नका.